चौथा पक्षी

गेल्या काही वर्षांत एक प्रकारचं गिऱ्हाईक खूप वाढलंय. हातावर आधीच चार-पाच टॅटू असतात, प्रत्येक वेगळ्या वर्षी वेगळ्या माणसाकडून मारलेला, आणि मग एक दिवस आरशात बघून वाटतं की हे सगळं स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय. मग येतात आमच्याकडे, "दादा हे सगळं जोडून फुल स्लीव्ह करून द्या ना." म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत सलग एकच टॅटू. जणू मध्ये थोडा रंग भरला की झालं.

हा पोरगा आला २०२४ च्या जूनमध्ये, गुरुवारी, कारण चाकणला कंपनीत त्याची सुट्टी गुरुवारी. मूळचा सांगलीचा, वेल्ड शॉपला होता. डावा हात टेबलावर ठेवला आणि मी वरून खाली बघत आलो. खांद्यावर राजमुद्रा. त्याखाली दंडावर वाघाचं तोंड, ब्लॅक अँड ग्रे, ज्याने केला त्याचा हात खरंच चांगला होता. कोपराखाली बाहेरच्या बाजूला त्रिशूळ आणि डमरू. मनगटाला हार्टबीटची रेघ आणि त्यात 'आई' (हे मी आजपर्यंत किती मारलेत ते मलाच माहीत नाही). मग त्याने तळहात वर केला आणि आतल्या बाजूला इन्फिनिटी दिसली, त्यातून निघालेलं पीस, पिसातून उडणारे पक्षी. २०१५ च्या आसपास दर दुसरं कॉलेजचं पोरगं हेच मागायचं.

"हा एक कुणा गाढवाने केलाय बघा," तो म्हणाला. "हा दिसायलाच नको."

मी पक्षी मोजले. चार होते आणि चौथा जरा जाडा, माशीसारखा.

तो गाढव मीच.

२०१५ साली मी पुण्यातच एका स्टुडिओत शिकत होतो, सर दोन दिवस मुंबईला गेलेले आणि मी एकटा दुकानात. एक डिप्लोमाचा पोरगा आला, खिशात अठराशे रुपये, मलाही हात शिवशिवत होते. डिझाइनमध्ये पक्षी तीनच होते. शेवटी शेवटी रेघा मारायचा लायनर घसरला, एक आडवी रेघ बसली, मला घाम फुटला आणि मी त्या रेघेचाच चौथा पक्षी करून टाकला. वर त्याला सांगितलं की असं बॅलन्स होतं. त्याने मान डोलावली बिचाऱ्याने. तेव्हा मला दाढी नव्हती आणि वजन वीस किलो कमी होतं, आणि आता तोंडावर मास्क, त्यामुळे त्याने ओळखायचा प्रश्नच नव्हता, आणि मीपण त्या दिवशी काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, हिंमत झाली नाही.

पण नऊ वर्षांनी स्वतःचीच घाण इतक्या जवळून बघायला मिळणं हा पण एक क्लासच असतो. एकतर ब्लोआउट. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक-दीड मिलीमीटरवर बसायला हवी, मी सुई दाबून खोल घातलेली आणि आतल्या बाजूची कातडी पातळ, त्यामुळे रेघांच्या कडेने निळसर धूर पसरलेला. आणि दुसरं, इन्फिनिटी वाकडी. तळहात वर असताना सरळ, हात खाली सोडला की तिरकी. कारण मनगट फिरवलं की आतली हाडं एकमेकांवर फिरतात आणि कातडीला पीळ पडतो, म्हणून स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा छाप, लावताना माणसाला उभं करायचं, हात ढिला सोडायला लावायचा, मगच कागद चिकटवायचा. मी तेव्हा त्याला खुर्चीत बसवून हात उताणा करून लावलेला.

असो. आधी हाताला क्लिंग फिल्म गुंडाळली, म्हणजे किचनमध्ये वापरतात तीच, वरून मार्करने पाचही टॅटू ट्रेस केले, मग आतल्या बाजूने कापून टेबलावर सपाट पसरली. हात उलगडला की कळतं रिकामी जागा नेमकी कुठे आणि किती आहे. त्याचा फोटो आयपॅडवर घेऊन रात्री बसलो आणि माती खाल्ली. मंडला घातला, बिल्वपत्रं घातली, रुद्राक्ष, ज्वाळा, जिथे भोक दिसेल तिथे काहीतरी कोंबलं. सकाळी प्रिंट काढून भिंतीला लावली आणि दहा फुटांवरून डोळे बारीक करून बघितलं तर पेपरातल्या छोट्या जाहिरातींचं पान. वाघ कुठेय तेच कळेना.

जोडायचं म्हणजे भरायचं नसतं, हे जपानी लोकांना फार आधी कळलं. त्यांच्याकडे मेन चित्र एक आणि मागे सगळीकडे एकच वारा नाहीतर एकच पाणी, गाकुबोरी म्हणतात त्याला. पण सांगलीच्या पोराच्या हातावर जपानी लाटा मला पटेनात. आपल्याकडे तसं सगळ्याला धरून ठेवणारं काय, तर सह्याद्री. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे डोंगराला आडव्या पायऱ्या पायऱ्या, आणि आडवी रेघ हाताला गोल फिरवायला एकदम सोपी जाते. मधून धुकं. धुकं म्हणजे नुसते विरळ होत जाणारे ठिपके आणि मग कोरी कातडी. वाघाभोवती कोरी कातडी, त्रिशुळाभोवती कोरी कातडी, काळा रंग फक्त कड्यांच्या पोटात. राजमुद्रेच्या वर काहीच चढवायचं नाही, हे त्याने न सांगता मला माहीत होतं, म्हणून डोंगर तिच्या खालीच थांबवले. उजेडाचा एक लफडा होता, वाघावर उजेड उजवीकडून आणि त्रिशुळावर डावीकडून. ते मी दोघांच्या मधल्या धुक्यात मिटवलं, आजतागायत कुणी पकडलेलं नाही.

राहिली इन्फिनिटी. लेझरने दोन-तीन वेळा फिकी करून घे, मग वर काम सोपं जाईल असं सुचवलं, त्याला नको होतं. म्हणजे तिच्यापेक्षा गडद आणि तिच्या दुप्पट-तिप्पट मोठं काहीतरी वर यायला हवं. खालचा लूप कड्याच्या सावलीत बुडवला, वरचा लूप घाटाच्या वळणात नेला, पीस तर पूर्ण कपारीत गेलं. पक्ष्यांवर ढग आणणार होतो तर तो म्हणाला, "पक्षी राहू द्या की, डोंगरावर पक्षी असतातच."

चार सिटिंग, मिळून एकोणीस तास, प्रत्येकामध्ये महिना, कारण वेल्डिंगचा धूर, घाम आणि ताजा टॅटू हे जमत नाही, तो रात्रपाळीनंतर सुट्टी जोडून यायचा. पहिली दोन सरळ गेली. तिसऱ्याला कोपर होता. कोपराच्या टोकाला हाड आणि वर सुरकुतलेली कातडी, ती ताणून धरल्याशिवाय सुई नीट चालत नाही, आणि समोरचा कितीही दणकट असो, तिथे त्याचे पाय आपोआप हलायला लागतात. हा तोपर्यंत वाघाच्या गप्पा मारत होता, आता दात आवळून पंख्याकडे बघत बसला. मला वाटलं हीच वेळ. बोललो तर याचं लक्ष तरी उडेल.

"तो इन्फिनिटीवाला गाढव," मी म्हणालो, "मीच होतो."

मशीन चालू, त्याच्याकडून आवाज नाही. मग मान वळवून त्याने मला नीट बघितलं, मास्कच्या वरचा जो काही भाग दिसत होता तो.

"अठराशे घेतले होते तुम्ही."

"हो."

"आणि चौथा पक्षी? बॅलन्स?"

"हात घसरला होता."

तो इतका हसला की मला सुई उचलून बाजूला व्हावं लागलं. मग दोन मिनिटं दोघंही नुसतेच हसत बसलो आणि कोपर अर्धा तसाच. मग पाणी प्यायला आणि स्वतःच हात परत पुढे केला.

शेवटच्या सिटिंगला डोंगराच्या धुक्यात ते चारही पक्षी बघितले तर जाडा असल्यामुळे चौथाच जवळचा वाटत होता आणि बाकीचे तीन लांब गेलेले. मी त्याला हात लावला नाही. बिल करताना त्याने अठराशे वजा करायला लावले, मी केले. पैसे ट्रान्सफर करता करता म्हणतो, "नऊ वर्षांचं व्याज?"

व्याजात दोन महिन्यांनी येऊन कोपराचा टचअप फुकट करून घेतला.