लाल दिवा, काळी वाळू आणि काकांच्या फ्रेम्स

मी फोटो टूर लीड करतो. म्हणजे लोकांना चांगल्या उजेडाच्या वेळी चांगल्या जागी नेऊन उभं करायचं आणि कॅमेऱ्याची बटणं सांगायची, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम म्हणजे "नाही, तिकडे नाही जायचं" हे वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहणं. आइसलँडमधला हा दिवस तर सगळा त्यातच गेला.

तिथे दक्षिण किनाऱ्यावर व्हिक गावाजवळ रेनिसफ्यारा म्हणून बीच आहे, ज्वालामुखीची काळी वाळू, एका अंगाला बेसॉल्टचे खांबच्या खांब आणि त्यांच्या पोटात गुहा, समुद्रात रेनिसद्रांगरचे सुळके. ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये इथला एकाच पद्धतीचा फोटो सेव्ह केलेला होता, लाट मागे सरकताना काळ्या वाळूवर फेसाच्या लांब पांढऱ्या रेघा ओढल्या जातात तो. त्यासाठी ट्रायपॉड पाण्याच्या काठाशी लावायचा आणि शटर अर्ध्या-एक सेकंदाला ठेवायचं, बाकी फार कसब नाही त्यात. आणि आम्ही पार्किंगमधून चालत पुढे आलो तर लाटांचा धोका सांगणाऱ्या पाटीवरचा दिवा लाल.

आता हा दिवा काही शोभेला लावलेला नाही. या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेला निघालात तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीनच लागत नाही, त्यामुळे लाटांना ताकद जमवायला अख्खा अटलांटिक मिळतो, शिवाय तळ काठापासून पटकन खोल होत जातो, म्हणून लाट लांबवर न फुटता थेट अंगावर येते. फसवणूक अशी की आठ-दहा लाटा शहाण्यासारख्या ठराविक रेषेपर्यंत येऊन परत जातात, तुम्ही ती रेषा मनात पक्की करता, आणि मग एखादी लाट ती रेषा ओलांडून कुठल्या कुठे वर येते. इथे माणसं गेलीयेत, एकदा नाही, अनेकदा. पाणी गार, ओढ जबरदस्त, आणि कपड्यांत वाळू भरली की अंग उचलत नाही.

फोटो काढणाऱ्याचं तर आणखी अवघड, एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा मिटलेला, वाऱ्यात कानाला काही ऐकू येत नाही, फ्रेमच्या बाहेर जग आहे हेच विसरायला होतं.

मी सांगितलं, आज खाली नाही, वरच्या उंचवट्यावरूनच शूट करू. तोंडं पडली सगळ्यांची. आमच्यात एक रिटायर्ड काका होते, ग्रुपमधले सगळ्यात उत्साही, ते म्हणाले, "अहो, एवढ्या लांब आलो ते गच्चीतून समुद्र बघायला का?"

"हो काका, आज गच्चीतूनच."

मग टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सा लावायला लावल्या. काळी वाळू कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते, कॅमेऱ्याला वाटतं सीन अंधारलेलाय म्हणून तो उजेड वाढवतो आणि फेस पार पांढराफट्ट होऊन जातो, तर एक्स्पोजर मायनसमध्ये घ्या, शटर फास्ट ठेवा, लाट फुटतानाचे तुषार पकडा वगैरे सांगत फिरत होतो. हळूहळू मंडळी रमली. वरून लाटांचा पॅटर्न दिसत होता, जो खाली उभं राहून कधीच दिसत नाही, पण ते तेव्हा कोणी मान्य केलं नसतं.

दिव्याला न जुमानता लोक खाली जातच होते. त्यातला एक तरुण समुद्राकडे पाठ करून, हात पसरून उभा, त्याचा मित्र मोबाईल धरून. काका बर्स्टवर होते, म्हणजे एकामागोमाग एक फ्रेम्स धडाधड काढत होते. मला मागची लाट दिसली तेव्हा मी ओरडलो, आम्ही सगळेच ओरडलो, त्या वाऱ्यात काय ऐकू जाणार. लाटेनं त्याला गुडघ्यात मोडलं, फिरवलं, पाण्याबरोबर खाली घेऊन निघाली. मित्र आणि आणखी दोघं धावले, एकाच्या हातात त्याच्या जॅकेटची टोपी आली म्हणून तो वाचला. मी मधल्या वेळात वाटेपर्यंत पळालो होतो आणि माझ्या ग्रुपमधलं कोणी मागे येऊ नये म्हणून हात आडवे धरून उभा राहिलो, दुसरं काही सुचलंही नाही आणि करण्यासारखं नव्हतंही.

तो वर आला तेव्हा दातावर दात वाजत होते. आमच्यातल्या एकीनं तिचं जाड जॅकेट दिलं. त्यानं स्वतःच्या जॅकेटचे खिसे उलटे केले तर मुठी-मुठीनं काळी वाळू पडली, किल्ली वाळूत, फोन बंद. थोडी थरथर थांबल्यावर त्यानं काकांचा कॅमेरा बघितला आणि पहिला प्रश्न काय, तर "माझा फोटो आला का?"

काकांनी स्क्रीनवर सगळी बर्स्ट दाखवली. पहिल्या फ्रेममध्ये गडी हात पसरून हिरो, मागे लाटेची भिंत. दुसरीत चेहऱ्यावर काहीतरी कळल्याचा भाव. तिसरीत तोल गेलेला. चौथीत फेस आणि त्यातून वर आलेला एक बूट. त्याला फक्त पहिली हवी होती. काकांनी पाठवण्यासाठी मित्राचा नंबर घेतला.

आमच्या धंद्यात ज्याला ॲडव्हेंचर शॉट म्हणतात तो बऱ्याचदा असाच पहिल्या फ्रेमवर थांबलेला असतो. ब्राझीलमध्ये रिओजवळ पेद्रा दो तेलेग्राफो नावाचा खडक आहे, त्याला लटकलेल्या माणसांचे फोटो बघून पोटात गोळा येतो, पण पायाखाली थोड्याच अंतरावर जमीन असते, नुसती कॅमेऱ्याच्या कोनाची करामत. नॉर्वेच्या ट्रोलटुंगावर, म्हणजे जिभेसारख्या पुढे आलेल्या कड्यावर, एकटाच उभा दिसणारा माणूस सीझनमध्ये रांगेत थांबून तिथे पोचलेला असतो. मला यात तक्रार नाही, फोटो म्हणून मजा आहे. पण तिथे निदान पायाखाली खडक तरी असतो, इथे खालची वाळूच लाट काढून नेते, आणि फोटोवरून हा फरक कोणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी दिवा पिवळा होता. आधी बराच वेळ वर उभं राहून लाटा बघितल्या, मग जोड्या केल्या, एकानं फोटो काढायचा, दुसऱ्यानं कॅमेरा बॅगेत ठेवून फक्त समुद्राकडे बघायचं, आणि फोटो पाण्यापासून बरेच मागे राहून, लांब लेन्सनं. रेघा मिळाल्या सगळ्यांना. काकांनी राखण करायची पाळी दोनदा मागून घेतली, आणि एका लाटेला एवढ्या जोरात "मागेऽऽ" म्हणाले की शेजारच्या ग्रुपमधलेही मागे पळाले, जरी ती लाट आमच्या आसपाससुद्धा आली नाही.

टूरच्या शेवटच्या रात्री स्लाइडशो असतो, प्रत्येकानं आपले निवडक फोटो दाखवायचे. काकांनी रेघांचा फोटो दाखवलाच नाही. त्या चारही फ्रेम्स लावल्या, चेहरा ब्लर करून, ओळीनं. त्यावरून जी चर्चा झाली ती जेवण गार होईपर्यंत चालली, कोणी म्हणे हे दाखवायला नको होतं, कोणी म्हणे चौथी एकटीच लावा. मला विचाराल तर चेहरा झाकायच्या आधीची दुसरी, फोकस तिथेच सगळ्यात नेमका बसलाय.