मोठ्यानं बोलणाऱ्यांची गल्ली

परवा दुपारी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. दार उघडलं तर त्यांची नजर माझ्या खांद्यावरून थेट आत. "सगळं ठीक आहे ना? नाही, आवाज आला म्हणून." भांडण कुणाशीच नव्हतं. मी अप्पांना फोनवर विचारत होते, जेवलासा काय आणि आमटी कसली केलीय.

बेळगावच्या टिळकवाडीत फ्लॅट घेऊन बारा वर्षं झाली, पण माझा आवाज अजून विणकरांच्या वडगावातच राहतो.

आमच्या गल्लीत घरटी माग. आडवा धागा नेणारा पॉवरलूमचा धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटतो. आमच्याकडे दोन माग, भिंतीपलीकडे चार, समोर तीन. त्या खडखडाटात "आई, वाढ" म्हणायचं तरी छाती भरून म्हणावं लागायचं. गुपितसुद्धा ओरडूनच सांगायचं, त्यामुळे ते टिकायचं किती, ते बघाच. आणि अशात लाईट गेली की मजा. सगळे माग एका क्षणात गप्प, आणि कुणाचं तरी वाक्य हवेत उघडं पडलेलं. एकदा समोरच्या वहिनींचं "सासूबाईंच्या पेटीत" एवढंच अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पुढचं त्यांनी गिळलं. पेटीत काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आई मात्र ओरडायची नाही. मागापलीकडून नुसते ओठ हलवायची आणि मला कळायचं, कांड्या संपत आल्यात. कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, माझं काम. शाळेतून आलं की दप्तर खुंटीला आणि मी रहाटापुढं. धागा बोटातून सरसर सरकायचा, आणि तर्जनीच्या पेरावर केसासारखी बारीक चीर पडायची. दिसायची नाही. रात्री भाकरीबरोबर खर्डा खाताना मात्र बरोबर सापडायची.

भरलेल्या कांड्या टोपलीत टाकताना मोजायच्या, ओंदू, येरडू, मूरू. पाढे मराठीत, कांड्या कानडीत. शेजारच्या अक्कानं शिकवलं तसं. सीमाप्रश्नावर माझं मत काय असायचं ते असो, इस्त्रीला कपडे देताना मी अजून कानडीतच मोजते.

आजीचं माहेर शहापूर, आणि तिचा भूगोलच वेगळा. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात, पटवर्धनांचं, बेळगाव इंग्रजांचं. संस्थान जाऊन किती वर्षं लोटली, तरी बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीला निघाली की ती सांगायची, "बेळगावास जाऊन येते गं." जणू परमुलखात चाललीय. संध्याकाळी पिशवीत कोथिंबीर घेऊन परत यायची.

वडगावच्या मंगाईदेवीच्या यात्रेला आमचे माग बंद असायचे. पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडतोय. शांततेत बोलायचं कसं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुण्याहून आलेल्या आत्याच्या जावेनं घाबरून विचारलं होतं, "तुमच्यात वाद झालाय का काही?" काकू, तुम्ही पहिल्या नव्हे.

मग सूत महागलं, मजुरी होती तिथंच राहिली. आमचे दोन्ही माग भंगारवाल्यानं किलोवर नेले. अप्पा तेव्हा घरात थांबले नाहीत, चहाला म्हणून गेले ते अंधार पडल्यावर आले. मागाची जागा धुऊन घेतली, तरी फरशीवर तेलाचे चार काळे डाग राहिलेत. त्यावर आता टीव्ही आहे.

काकू गेल्यावर मी पुन्हा फोन लावला. म्हटलं, आता जरा माणसासारखं बोलू. सावकाश, हळू आवाजात विचारलं, "अप्पा, औषध घेतलासा काय?"

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग त्यांचा तो मागावरचा आवाज, "काय झालं गं? रडालीस काय?"