माझे दहा ते बारा

मंगळवार

नोकरी सुटली की बाईचा दिवस मोकळा होतो, हा समज पहिल्या महिन्यातच निकालात निघतो. ऑफिसात निरोपसमारंभ होतो, हार-तुरे होतात. घराकडून निवृत्ती कुणी देत नाही. उलट "आता तू घरीच आहेस ना" या एका वाक्यावर बँकेची कामं, येणाऱ्या पार्सलांची वाट बघणं, नातवंडांची ने-आण, कुणाच्या दुखण्याखुपण्याला सोबत असं सगळं हळूहळू आपल्याकडे सरकत येतं. कामं वाईट नाहीत, माणसं आपलीच आहेत. पण संध्याकाळ झाली की आज स्वतःसाठी काय केलं, याचं उत्तर सापडत नाही.

म्हणून कोणता छंद, याच्या आधी कोणती वेळ, हे ठरवावं असं माझं ठाम मत आहे. मी दहा ते बारा धरली. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की या दोन तासांत मी फोन उचलणार नाही आणि कपाटातलं काही शोधून देणार नाही. सुनेने त्याच दिवशी मोठ्या अक्षरांत "१० ते १२" असं लिहून कागद फ्रीजवर लावला. तिचं मला फार कौतुक वाटलं. उरलेल्या वेळात बघू म्हणणाऱ्या बायकांना मी कळकळीने सांगते, घरकामात वेळ उरत नसतो. तो आधी काढून ठेवावा लागतो.

आज त्या वेळात गुलाबाचं पान काढलं. फूल नाही, नुसतं पान. एका देठावर पाच पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, टोकाची एकटी आणि बाकीच्या जोडीजोडीने. कडेचे दाते सगळे टोकाकडे झुकलेले. देठाच्या मुळाशी दोन्ही अंगांना चिकटलेली चिंचोळी उपपर्णं, म्हणजे पानासारखे छोटे पापुद्रे. आयुष्यभर किती रुमालांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर गुलाब भरले, पण पान असं न्याहाळायला सवड अशी कधी मिळालीच नव्हती. मऊ पेन्सिलीने मधली शीर ओढली आणि तिच्यापासून बाजूच्या शिरा किती अंतराने फुटतात ते बघत राहिले. बारा कधी वाजले कळलं नाही. चित्र बरं आलंय. वहीत तारीख घालून ठेवलं.

गुरुवार

रात्री इंग्लंडच्या मेरी डिलेनीबद्दल पुन्हा वाचत होते. या बाईंचा मला फार आधार वाटतो. जन्म १७०० चा. १७६८ मध्ये त्यांचे दुसरे पती गेले. आणि १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर एकेक पाकळी, पुंकेसर, पान वेगळं कापून चिकटवायचं, समोर खरं फूल ठेवून. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका फुलासाठी दोनशेहून जास्त तुकडे त्यांनी लावले आहेत. दहा वर्षांत अशी ९८५ चित्रं झाली. १७८२ मध्ये नजर साथ देईना, तेव्हा थांबल्या. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यातली फुलं वनस्पतिशास्त्राच्या अंगानेही इतकी नेमकी आहेत की जात ओळखता येते.

लोक अशा गोष्टी "वय हा फक्त आकडा आहे" म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. वय आहेच, ते बोटांत आहे, डोळ्यांत आहे. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस लोकरीने चित्रं भरायच्या. संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा बहिणीने सुचवलं की रंगव. सत्तरी उलटून गेल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला, १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, आणि १९६१ मध्ये एकशे एक वर्षांच्या होऊन गेल्या तोवर त्यांची दीड हजारांहून जास्त चित्रं झाली होती. दुखणं नाकारून हे झालं नाही. सुई सोडली म्हणून ब्रश आला.

माझ्याही अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा सांधा झिजण्याचं प्रमाण बरंच असतं. क्रोशा सोडायची माझी तयारी नाही, म्हणून पद्धत बदलली. बारीक पोलादी सुई आणि दोऱ्याऐवजी जाड, मऊ मुठीची सुई आणि जाड लोकर. मूठ जाड असली की चिमूट घट्ट आवळावी लागत नाही, आणि ठणका त्या आवळण्यानेच येतो. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली ठेवते, बोटं पसरते, मिटते, उठून एक चक्कर मारते. मग पुन्हा.

उजेडाचंही तसंच. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्यांच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग दाट, पिवळसर होत जातं. त्या पिवळेपणामुळेच गडद निळी आणि काळी लोकर रात्री सारखी दिसते. हे कळल्यापासून रंगांची निवड फक्त दिवसा, खिडकीत. आणि दिवा डाव्या खांद्यावरून, म्हणजे विणणाऱ्या उजव्या हाताची सावली टाक्यांवर पडत नाही. डाव्या हाताने विणणाऱ्यांनी उजवीकडे ठेवावा. चांगला दिवा ही चैन नाही. छंदाचा खर्च करायचाच तर पहिला यावर करावा.

शनिवार

आमचा छंद जोपासणाऱ्या मैत्रिणींचा गट जमला. प्रत्येकीचं वेगळं चालू आहे. एक जण सासूच्या काळच्या गोष्टी आठवतील तशा लिहून काढते आणि दर वेळी एक वाचून दाखवते. आज तिने जी वाचली ती ऐकून दोघींचे डोळे भरून आले. एकीने साठीनंतर पेटी शिकायला घेतली. एक पक्षी बघते. तिची दुर्बीण ८×४२ ची आहे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. त्याहून जास्त पटीची घेतली तर हात जरा हलला की चित्र नाचतं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, तसे तिचे काही पक्षी गळाले होते. श्रवणयंत्र घेतल्यावर त्यातले बरेचसे परत ऐकू यायला लागले, हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आम्ही एकमेकींना शिकवतो, फी नाही, परीक्षा नाही. यामागे मोठी परंपरा आहे हे मला नंतर कळलं. १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये निवृत्तांसाठी "तिसऱ्या वयाचं विद्यापीठ" निघालं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ते पोचलं, तेव्हा तिथल्या लोकांनी प्राध्यापकांनाही फाटा दिला. ज्याला जे येतं त्याने ते बाकीच्यांना शिकवायचं. मला हे ब्रिटिश रूप जास्त आवडतं. चाळीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या, मुलांना शिकवलेल्या, रुग्णांची शुश्रूषा केलेल्या बायकांना देण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

आज एकीने शब्दकोड्यांचा विषय काढला, मेंदूसाठी चांगली असतात म्हणून. २००३ चा एक अभ्यास आहे, पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. पण छंदामुळेच ते कमी झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. बुद्धी शाबूत आहे म्हणूनही माणूस छंद टिकवू शकतो. मी तिला एवढंच विचारलं की तुला कोडी आवडतात का. म्हणाली, अजिबात नाही. मग कशाला सोडवायची? गाणं आवडतं तर गावं. गोळीसारखा घेतलेला छंद चार दिवसांत सुटतो आणि वर उगीच मनाला अपराधी वाटत राहतं.

रविवार

माझी क्रोशाची लांब पट्टी बघून पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे काय होणार? मफलर?" काहीच होणार नाही. एक वीत रुंद पट्टी आहे, दर चार ओळींनी नवा नमुना. क्रोशाचे टाके एकेक करून: साखळी, मुका खांब, खांब, मग तीन खांबांचे झुपके, मग जाळी, मग उठावाचे खांब. एक नमुना जमून पक्का झाला, की पुढचा. त्यांनी लगेच सुचवलं, पिशव्या करा, विकायला ठेवा, हातात चार पैसे येतील.

ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी जरूर विकावं, कष्टाचं मोल घ्यावंच. मला त्या गरजेतून सुटका मिळाली आहे, याची जाणीव आहे. पण बायकांच्या हातचं काम कायम कुणासाठी तरी असतं, हे मला आता फार टोचतं. माझी आई उत्तम विणायची. तिने विणलेलं सगळं घरभर, नात्यागोत्यात गेलं. स्वतःला आवडला म्हणून एखादा नमुना तिने नुसता करून पाहिला असेल का, हे विचारायला ती आता नाही. मीही नोकरीच्या काळात स्वेटर विणले ते मापं घेऊन आणि वाढदिवसाच्या तारखा धरून.

या पट्टीला माप नाही, तारीख नाही. आज उठावाच्या खांबाशी तासभर झुंजले. सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या ओळीतल्या खांबाला पुढून वळसा घालून काढायची, मग लोकर ओढून घ्यायची. तो खांब चटकन पुढे उभा राहतो, बोटांना दोरीसारखा लागतो. पाठीमागून वळसा घातला की मागे सरतो. दोन्ही आलटून पालटून घेतले की वेताच्या विणीसारखी वीण तयार होते. हे डोळ्यांदेखत जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. नातीला हाक मारून दाखवलं. तिने पट्टीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आजी, हे मला शिकव." तिला सांगितलं, शिकवीन, पण दहा ते बारा सोडून. दुपारी चारला ये, तुझ्यासाठी जाड सुई काढून ठेवते.