तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री झोप लागते का?

"रोज मारहाणीच्याच गोष्टी ऐकता, झोप कशी लागते हो तुम्हाला?" लग्नाकार्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. कौटुंबिक हिंसाचाराच्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं काढल्यावर माझं उत्तर: लागते, कारण हे काम मला कुणीतरी शिकवलं, आणि शिकवून एकटं सोडलं नाही.

पहिल्या वर्षी तसं नव्हतं. समाजकार्याची पदवी होती, कळकळ होती. एका बाईच्या नवऱ्याला बोलावून मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि तिला म्हटलं, "बोल, काय त्रास आहे?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काही नाही मॅडम, होतं कधीमधी." मी खुशीत समझोता लिहिला. आठवड्याने ती आली तेव्हा डोळ्याखाली काळंनिळं होतं. बसलीसुद्धा नाही. फाइलमधली रेशनकार्डाची झेरॉक्स तेवढी परत मागितली.

आमच्या वरिष्ठ ताई ती फाइल घेऊन माझ्याबरोबर दोन तास बसल्या. बाईशी आधी एकटीशी बोलायचं, दार लावून. 'तू काय केलंस म्हणून त्याने मारलं' हा प्रश्न तोंडात येऊ द्यायचा नाही. तिचा फोन कुणाच्या हातात असतो ते पहिल्यांदा विचारायचं. गळा दाबला होता का, हे स्पष्ट विचारायचं. बाया आपणहून सांगत नाहीत आणि जिवाला किती धोका आहे ते त्यावरून कळतं. रात्री निघावं लागलं तर चप्पल कुठे, आधार कार्ड कुठे, कुणाचं दार वाजवता येईल? एवढं सगळं नुसत्या कळकळीतून सुचत नाही.

महाराष्ट्रात हे शहाणपण जुनं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मार खाणाऱ्या बायांसाठी असलेल्या 'दिलासा' केंद्रामुळे 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईकडे नर्स वेगळ्या नजरेने पाहायला शिकल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिले. पण घटना अहवालात नुसतं 'मारहाण केली' लिहिलं, कधी, कशाने, तेव्हा मुलं कुठे होती हे लिहिलंच नाही, तर कोर्टात त्या बाईच्या हाती काय उरतं?

आणि शिकलेली माणसं टिकवायची कशी? मी एका ठिकाणी होते तिथे करार अकरा महिन्यांचा, मानधन तीन-तीन महिने थकलेलं. आमची सगळ्यात तयार मुलगी शाळेत नोकरीला गेली. कुठल्या ठाण्यात तक्रार लगेच लिहून घेतात, कुठल्या आधारगृहात मोठा मुलगा बरोबर ठेवता येतो, सगळं तिला पाठ होतं. ते तिच्याबरोबर गेलं. तिला मी दोष देत नाही. पण संताप येतो, अजूनही.

आता दर शुक्रवारी चार वाजता आम्ही बसतो. घरी डोक्यात घेऊन जाल अशी एक केस प्रत्येकीने सांगायची. गेल्या शुक्रवारी नवीन मुलगी बोलता बोलता रडली. चहा झाल्यावर म्हणाली, "ताई, चप्पल कुठे ठेवाल हे मी त्यांना विचारलं. शेजारणीच्या दारात, म्हणाल्या. बरोबर विचारलं ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "आता ती फाइल माझ्याकडे दे आणि साडेपाचची लोकल पकड."