साडेपाच आणि आठ

गेल्या शनिवारी दुपारी व्हर्टिगो नावाचा जुना सिनेमा बघितला आणि नेहमीप्रमाणे वही काढली. नाव, साल, एका ओळीचा शेरा आणि शेवटच्या रकान्यात दहापैकी मार्क. आठ दिले, खूश होऊन दिले, आणि मग उगाच मागची पानं चाळत बसले तर एका पानावर तेच नाव, माझंच अक्षर, मार्क साडेपाच. शेरा असा होता : 'अर्ध्यातच सगळं फोडून टाकलंय. मग पुढे बघायचं कशाला?'

म्हणजे मी हा आधी बघितलाय. नुसता बघितलेला नाही, त्याच्यावर चिडलेय पण. आणि मला यातलं काही म्हणजे काहीही आठवत नाही. दोन तासांच्या वरचा सिनेमा, मी अगदी पहिल्यांदा बघत असल्याच्या थाटात बघितला, त्या मनोऱ्याच्या जिन्यात पोटात गोळाबिळा आला, आणि हे सगळं आधी एकदा होऊन गेलेलं! त्या हिरव्या ड्रेसपाशी जरा ओळखीचं वाटलं होतं खरं, पण म्हटलं फोटो बघितला असेल कुठेतरी.

आता ज्यांना ही खोड आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आठवड्याला एक सिनेमा, तो आपल्यापेक्षा वयाने मोठा पाहिजे, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मार्क देऊन होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं मत वाचायचं नाही. इथपर्यंत सगळे शहाणे. पुढे ज्याचं त्याचं खूळ सुरू होतं. मी शंभर मिनिटांच्या आत आटपणाऱ्याला अर्धा मार्क जास्त देते. नायक आरशात बघून स्वतःशी बोलायला लागला की अर्धा कापते. आणि शेवटी नुसतं 'समाप्त' येऊन पडदा काळा होत असेल तर तिथेही अर्धा बहाल. जुन्यांमध्ये मानकऱ्यांची सगळी नावं सुरुवातीलाच उरकून घ्यायचे, त्यामुळे गोष्ट संपली की सिनेमा संपायचा आणि तुम्ही आणि ती काळी काच एवढंच उरायचं. आता शेवटी नावांची जी दिंडी निघते तिच्यात आलेलं रडू सुकून जातं.

मूकपटांवर मात्र मी बरेच दिवस अन्याय केला. सगळे जण तुरुतुरु पळताहेत, हात वारेमाप हलताहेत, ते बघून 'अभिनय बटबटीत' असं लिहून मार्क कापून मोकळी व्हायचे. मग कळलं की ते कॅमेरे हाताने फिरवायचे, चित्रं सेकंदाला बऱ्याचदा सोळा-अठराच्या आसपास घेतलेली, आणि पुढे बोलपटांसाठी सेकंदाला २४ ठरल्यावर तीच रिळं त्या वेगाने पळवली म्हणून ती माणसं अशी धावतात. ते बिचारे नीट चालत होते, आपणच हाकलत होतो. मी वही घेऊन बसले आणि नऊ जणांना अर्धा-अर्धा मार्क परत केला. शाळेत रिचेकिंगला टाकलेल्या पेपरचं असं कधी झालेलं मला आठवत नाही.

बाकी आकड्यांचा हा नाद माझ्या एकटीचा नाही हे एक बरं. सिनेमाला तारे द्यायची सुरुवात न्यूयॉर्क डेली न्यूज या पेपरने १९२८ साली केली, तेव्हा जास्तीत जास्त तीनच तारे असायचे. तीनमध्ये भागत होतं त्यांचं! मी दहात, आणि वर अर्ध्या-अर्ध्याने, म्हणजे शून्य धरून एकवीस पायऱ्या. साडेसहा आणि सात यात फरक काय ते मला विचारू नका, मला तो दिसतो एवढं खरं.

व्हर्टिगोच्या बाबतीत तर मी फारच चांगल्या पंगतीत बसलेय. साइट अँड साउंड नावाचं एक ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांकडून सर्वोत्तम सिनेमांची यादी मागवतं. पहिल्या वेळी बायसिकल थीव्ह्ज वर आला, जो तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, मग १९६२ पासून २००२ पर्यंत सिटिझन केनने ती खुर्ची सोडलीच नाही. व्हर्टिगो आला १९५८ ला, आणि पहिल्या दहात शिरला १९८२ ला, सातव्या नंबरवर. मग १९९२ ला चौथा, २००२ ला दुसरा, २०१२ ला पहिला, आणि २०२२ ला परत दुसरा. सिनेमा तोच, त्यातलं एक चित्र हललेलं नाही, जिन्याची एक पायरी वाढलेली नाही. जाणत्या लोकांना चोवीस वर्षं लागली तर मला साडेपाचवरून आठवर यायला लागलेल्या वर्षांचं काय एवढं.

पण तो जुना शेरा काही डोक्यातून जाईना. अर्ध्यातच फोडलंय, हे खरंच आहे. (इतका जुना सिनेमा, आता स्पॉयलर कसला, तरी ज्यांना राग येतो त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा.) साधारण दोन तृतीयांश झाल्यावर ती मुलगी खोलीत एकटी असताना थेट आपल्याकडे बघते, आणि आपल्याला सगळं कळतं. नायकाला नाही, फक्त आपल्याला. मग ती त्याला चिठ्ठी लिहायला बसते, आणि फाडून टाकते. तेव्हा मी रहस्य सोडवायला बसले असणार, ते कुणीतरी हातातून काढून घेतलं म्हणून फणफणले असणार. आणि यावेळी ती चिठ्ठी फाटल्यापासून मी नायकाकडे बघायचंच सोडलं. तो तिला कपडे बदलायला लावतो, बूट बदलायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, आणि शेवटी केस बांधलेस ते तसे का नाही म्हणून अडून बसतो, आणि ती जाते बांधायला, सगळं माहीत असून जाते. रहस्य ठेवलं असतं तर आपल्याला तिथे नुसते केस दिसले असते.

तर, फोडण्यावर माझा एवढा राग का, तर आजीमुळे.

आजीला ताण सहन व्हायचा नाही. टीव्हीवर आठवड्याला एकच सिनेमा असायचा त्या काळातली गोष्ट, आम्ही पोरं जमिनीवर, आजी मागे भिंतीला टेकून, आणि नायक दरीत पडला रे पडला की मागून आवाज, 'रडू नका गं, येतो तो परत.' यायचाच. खून कुणी केला ते ती चष्मा पुसता पुसता सांगून टाकायची. आम्ही ओरडायचो, बाबा 'आई, अगं बघू दे ना त्यांना' म्हणायचे, ती 'मी कुठे काय बोलले' म्हणून परत पाचव्या मिनिटाला पुढचं सांगायची. आम्हाला वाटायचं आजीने जगातले सगळे सिनेमे बघितलेत. पुष्कळ वर्षांनी आत्याकडून कळलं की कुठले बघितलेत, ती पण आमच्याबरोबर पहिल्यांदाच बघत असायची. नुसता चेहरा बघून सांगायची म्हणे. तिचे मार्क तीनच. 'बरा होता', 'कळला नाही', आणि तिसरा म्हणजे काहीही न बोलता उठून आत जाणं. तिसरा मार्क क्वचित मिळायचा.

एकदा ऐन शेवटाला लाईट गेले. पडद्यावर पाऊस होता, फाटकापाशी एक माणूस, त्याची छत्री मिटत नव्हती, आणि दारात कंदील घेऊन एक बाई. बास, अंधार. आम्ही बोंब ठोकली. आजी शांतपणे म्हणाली, 'तो आत येतो. ती कंदील खाली ठेवते, त्याच्या हातातली छत्री घेते आणि कोपऱ्यात वाळत टाकते.'

'आणि मग?'

'मग काय. संपला.'

त्या सिनेमाचं नाव मला आजतागायत सापडलेलं नाही. कदाचित त्याची प्रिंटही उरली नसेल, जुन्यांचं काही सांगता येत नाही. आलम आरा, १९३१ चा, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट हाताला लागत नाही. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रचं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा केलेल्या सिनेमाचं असावं असं काही अभ्यासकांचं म्हणणं. उलट १९२७ च्या मेट्रोपोलिसचा हरवलेला सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग २००८ साली थेट ब्युनोस आयर्सला सापडला. तो भाग ओरखड्यांनी इतका भरलाय की बघताना लगेच कळतं, हा सापडलेला तुकडा. त्या ओरखड्यांवर मी काही कापलं नाही.

व्हर्टिगोच्या दोन्ही नोंदी तशाच ठेवल्यात. अशा दोनदा लिहिलेल्या आणखी किती निघतील ते बघायला वही पहिल्यापासून तपासायला हवी, पण नको वाटतं.

आजीला शेवटच्या दोन वर्षांत फारसं काही लक्षात राहायचं नाही. दुपारी सिनेमा लावून द्यायचो, बऱ्याचदा कालचाच, आणि ती नव्याने बघायची. तोंडाला पदर लावून, पुढे काय होतंय कोण जाणे अशी. आता ती काहीच आधी सांगत नसे. नायक दरीत पडला की माझा हात घट्ट धरायची. मग मीच तिच्या कानाशी वाकून सांगायचे, 'आजी, घाबरू नको, येतो तो परत.'

'माहितीये गं मला,' ती म्हणायची. 'बघू दे की जरा.'