खुर्ची सोडायची कशी, ते आधी लिहा

सांगलीकडच्या माणसाला सव्वा-सव्वा वर्षाचा फॉर्म्युला समजावून सांगायला लागत नाही. उपसरपंचपदाला चौघं इच्छुक असले की पॅनेलची कारभारी मंडळी त्यांना बसवतात, पाच वर्षं आहेत, वाटून घ्या, पहिला नंबर याचा. मग सव्वा वर्ष संपतं आणि पहिल्याचा फोनच लागत नाही. दुसरा गावभर सांगत फिरतो, "ठरलं होतं की!" ठरलं होतं खरं, पण सगळं तोंडी.

आता याचा ओपन सोर्सशी काय संबंध म्हणाल, तर आमचा एक छोटा ग्रुप आहे, विश्रामबागला रविवारी जमतो, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करायचं टूल आम्ही चालवतो, कोड सगळ्यांना खुला. बाहेरची पोरं पण पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवायला लागलीत, म्हणून म्हणलं मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, कोण, किती दिवस, बदलायचा कसा हे लिहून काढू. इंजिनिअरिंगचा एक पोरगा लगेच म्हणाला, "दादा, दरवर्षी नवा माणूस, विषय संपला!"

विषय तिथं संपत नाही ना भावा. गावात भांडण असतं की खुर्ची सोडत नाही, आणि इथं बऱ्याचदा खुर्ची घ्यायलाच कोणी नसतं. पगार नाही, मान थोडा, शिव्या भरपूर.

डेबियन बघा, जगभरातली माणसं मिळून चालवतात ती लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम. त्यांची स्वतःची घटना आहे, 1998 पासूनची, आणि प्रोजेक्ट लीडर दरवर्षी मतदानानं निवडतात. 2019 ला अर्ज भरायची मुदत संपली तरी एक अर्ज नाही! पण गोंधळ झाला नाही, कारण असं झालं तर मुदत आठवडाभर वाढवायची, तरी कोणी नाही आलं तर परत वाढवायची, हे घटनेतच लिहिलेलं. वाढीव मुदतीत उमेदवार आले, मतदान झालं, सॅम हार्टमन निवडून आले. मला त्याहून आवडलेली गोष्ट 2011 ची. त्या वर्षी उमेदवार एकच, स्तेफानो झाकिरोली. आपल्याकडं काय झालं असतं, बिनविरोध, गुलाल, हलगी, घरी. तिथं तरी मतदान घेतलं, कारण मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणी नको' हा पर्याय कायम असतो आणि त्याला हरवल्याशिवाय निवड होत नाही. आपल्या विधानसभेला नोटाला कितीही मतं पडू देत, उमेदवारांत ज्याला जास्त तो आमदार. डेबियनमध्ये मात्र तो पर्याय खरोखर माणूस पाडू शकतो.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं वेगळं. ती बनवणारे गिदो व्हॅन रॉसम म्हणतील ती पूर्व दिशा, असं वर्षानुवर्षं चाललं आणि चांगलं चाललं. मग 2018 मध्ये कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून केलेल्या एका ऑपरेटरवरनं (हो, एवढ्याशा चिन्हावरनं) इतकी वादावादी झाली की जुलैमध्ये त्यांनी सांगून टाकलं, मी बाजूला होतोय, वारसही नेमणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. आता ठरवायचं कसं तेच ठरलेलं नव्हतं. कारभार कसा चालवायचा याचे वेगवेगळे प्रस्ताव आले, डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल हा प्रस्ताव जिंकला. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक, आणि एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत. पहिल्या कौन्सिलमध्ये स्वतः गिदो होते, पुढच्या वेळी त्यांनी माघार घेतली. मला तर हे राजीनाम्यापेक्षा मोठं वाटतं, नव्या घडीत वर्षभर साधा मेंबर म्हणून बसायचं आणि मग निघायचं.

तरीपण नुसतं बदला-बदला म्हणून चालत नाही हे एक्सझेडनं दाखवलं, फाईल दाबून लहान करायचं ओपन सोर्स टूल ते. एकटा थकलेला मेंटेनर, त्यात काही जण मागं लागलेले की अपडेट का येत नाही, दुसऱ्याला दे की. जिया टॅन नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला, रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायचे हक्क मिळवले आणि 5.6.0 या आवृत्तीत बॅकडोअर, म्हणजे आत घुसायचा चोरदरवाजा, घुसवलं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं, म्हणून सापडलं. नियम असते तर हे टळलंच असतं असं मी म्हणणार नाही, एवढी चिकाटी असलेला माणूस निवडणूक पण जिंकला असता. पण दमलेल्या माणसाला किल्ली खाली ठेवायची दुसरी जागाच नव्हती, हे मात्र खरं.

म्हणून आमच्या फाईलमध्ये आधी सोडण्याचे नियम लिहिले. मुदत एक वर्ष, सलग दोनदाच. तीन महिने काही उत्तर नाही तर पद रिकामं धरायचं, राग-रुसवा नाही. डोमेन आणि रिलीजच्या किल्ल्या कायम दोघांकडं. नव्या माणसाला आधी सहा महिने जुन्याच्या सोबतीनं रिलीज काढायला लावायचं. आणि कोणीच उभं राहिलं नाही तर नवीन फीचर बंद, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि तसं पहिल्या पानावर ठळक लिहायचं.

अडलंय ते पायथनच्या कंपनीवाल्या नियमापाशी. आम्ही सहा जण, त्यातले चौघं पुण्यातल्या एकाच कंपनीचं काम घरी बसून करतो. नियम घातला तर त्यातल्या दोघांना उठायला लागतंय, आणि त्या चौघांत मी पण आहे, त्यामुळं त्यावर मी मत द्यायचं नाही असं पोराचं म्हणणं. बरोबर आहे त्याचं. बाकीचे दोघं ठरवतील, त्यातला एक तोच आहे.