नांदूर शिंगोटे १८५७: टेबल कुठवर आलं

मंडळी, नांदूर शिंगोटेच्या लढाईचा वॉरगेम, म्हणजे टेबलवर छोट्या फिगर्सनी खेळायची लढाई, मांडतोय, त्याची टेकडी झाली एकदाची! एक्सपीएस फोमचे थर चिकटवले आणि कडांना कातळाच्या आडव्या पट्ट्या कोरल्या, आपला डोंगर असाच टप्प्याटप्प्यांचा दिसतो, बाहेरच्या किटमधले गोलगोल धोंडे ठेवले की सगळं खोटं वाटतं. लढाई ४ ऑक्टोबरची, भागोजी नाईकाचे भिल्ल विरुद्ध इंग्रजांचे पोलीस, पाऊस सरलेला, सिन्नरकडचं गवत पिवळं पडायची वेळ, म्हणून फ्लॉकमध्ये (नकली गवताचा भुगा) रंगवलेला भुसा मिसळलाय. घरं धाब्याची, फोमबोर्डवर फेविकॉल आणि चाळलेली माती. कुंपणाची तार बोहरी आळीतून.

फिगर्सचं काम जास्त आहे. १८५७ चे रेडीमेड सेट म्हणजे बहुतेक दिल्ली-लखनौ, लाल डगलेवाले, त्यात भिल्ल कुठून मिळणार? मग एमसीलने मुंडासं, लंगोट, खांद्यावर घोंगडी असं एकेक करत बसलोय, २८ मिमीच्या फिगरवर घोंगडीची घडी नीट बसली की जाम भारी वाटतं.

आता रूल्स. भागोजी नाईक आधी स्वतः नगरच्या पोलिसात होता, समोरचे कसे येणार हे त्याला पाठ असणार, म्हणून पोलिसवाल्याने चाल आधी करायची आणि भिल्लांच्या जागी नुसत्या चिठ्ठ्या, गोळी झाडली की मगच फिगर टेबलवर. बंदुका ठासणीच्या, त्यामुळे एकदा बार काढला की पुढचा टर्न भरण्यात जाणार. पोलिसांचा लेफ्टनंट हेन्री हल्ल्यात पुढे होता आणि तिथेच मारला गेला, तर ऑफिसर मागे लपवून ठेवायची मुभा नाही.

जिंकायचं कसं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेकडी राखली म्हणजे भिल्ल जिंकले असं अजिबात नको. भागोजी त्यानंतर दोन वर्षं हाती लागला नाही, ११ नोव्हेंबर १८५९ ला मिठसागरला इंग्रज अधिकारी सूटरच्या तुकडीशी लढताना पडला. म्हणून मागच्या कडेने जेवढी माणसं निसटतील तेवढे पॉइंट. कोथरूडला मित्राकडे खेळून पाहिलं तर भिल्लवाला शेवटपर्यंत टेकडी धरून बसला आणि हरला, पुढच्या डावात मात्र दोन बार काढून असा सटकला की पोलिसवाला रिकाम्या चिठ्ठ्यांवरच चढत राहिला, हेच हवं होतं!

पुढे करायची ती इंग्रजांच्या बाजूची कॅप्टन नटॉलची कोळी पलटण, डिसेंबर १८५७ पासूनची. गडद हिरवं पागोटं, हिरवी बंडी, खाली रक्तासारखं लाल वस्त्र, पायात चपला. त्या लालला कुठला वॉश (पातळ रंगाचा हात) मारावा, कुणी करून बघितलं असेल तर सांगा.